सोनेरी बुद्धमूर्ती बघावी पाठीकडून

चीनच्या बादशहांनी घडवून घेतलेली, सोन्याचा मुलामा दिलेली बुद्धमूर्ती बघायला बसलात की लगेच चेहऱ्याकडे जाऊ नका. चेहरा सगळेच बघतात आणि नक्कल करणाराही सगळी मेहनत तिथेच खर्च करतो. आधी पाठ बघा, मग पीठ, मग सोनं, मग तळ. चेहरा सगळ्यात शेवटी. या क्रमानं गेलात तर दरबारातलं काम कोणतं आणि बाजारातलं कोणतं, हे पुष्कळसं तुमचं तुम्हालाच कळायला लागेल.

मी सोलापुरात चांदीचे मुखवटे घडवतो. भाद्रपदातल्या महालक्ष्म्यांचे, खंडोबाचे, गावोगावच्या देवींचे. देव्हाऱ्यातले टाकही करतो. आमचं काम पत्र्याचं. पत्रा राळेवर बसवायचा, मागून ठोकून उठाव काढायचा, पुढून छिन्नीनं रेषा आखायच्या. मुखवट्याची मागची बाजू पोकळ आणि उघडी राहते, कारण ती साडीत, मखरात झाकली जाणार असते. त्यात गैर काही नाही, ती रीतच आहे. पण आयुष्य असं पुढच्या बाजूवर काम करण्यात गेल्यामुळे कुठलीही मूर्ती दिसली की माझा हात आधी तिच्या पाठीवर जातो. चीनच्या मिंग घराण्याच्या दरबारातल्या मूर्तींनी मला धरून ठेवलं ते त्यांच्या पाठींनीच.

त्या घराण्यातल्या योंगल बादशहाच्या काळातल्या एखाद्या बोधिसत्त्वाची, म्हणजे बुद्ध होण्याच्या वाटेवरच्या देवतेची, पाठ बघा. मुकुटाच्या बांधणीच्या फिती मागे आल्या आहेत. बटा खांद्यांवर उतरल्या आहेत. गळ्यातल्या हाराचे मणी पुढे जसे एकेक सुटे, गोल, तसेच मागेही आहेत. उपरण्याची घडी कमरेवरून वळून जिथं जायला हवी तिथंच जाते. नेसणीच्या चुण्या पाठीमागे येऊन आटोपत्या घेतलेल्या नाहीत. ही मूर्ती देवघरात बसली की मागे प्रभावळ येणार, भिंत येणार, पाठ कुणाला दिसणारच नव्हती. तरी कारागिरानं ती सोडली नाही. त्याला सोडायची मुभा नव्हती आणि वेळेची, सोन्याची टंचाईही नव्हती. राजाश्रयाचं काम म्हणजे काय, हे तिथं दिसतं.

सोलापुरात बसून बघायचं कसं

घरबसल्या बघायचं तर मोबाइल पुरतो, संगणक असला तर उत्तम. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं २०१७ पासून आपल्या संग्रहातल्या लाखो वस्तूंचे फोटो सगळ्यांना मोफत खुले केले आहेत. त्यांच्याकडे योंगल काळातला एक मंजुश्री, म्हणजे प्रज्ञेचा बोधिसत्त्व, आहे, जेमतेम वीतभर उंचीचा. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये त्याच काळातला शाक्यमुनी, म्हणजे गौतम बुद्ध, आहे, सिंहासन आणि प्रभावळीसकट सुमारे ६० सेंटीमीटर उंच. एवढं सगळं एकत्र टिकलेली मूर्ती दुर्मीळ, कारण प्रभावळ वेगळी ओतून मागे अडकवलेली असते आणि शतकांच्या हलवाहलवीत तीच आधी हरवते. प्रभावळ नसेल तर मूर्तीच्या किंवा पीठाच्या मागच्या बाजूला ती अडकवायची खाच, भोक किंवा खुंटी शोधा.

फोटो उघडला की तो बोटांनी मोठा करा आणि एका वेळी एकच भाग बघा. आज फक्त मणी, उद्या फक्त पाकळ्या. सगळं एकदम बघणाऱ्याच्या हाती 'छान आहे' यापलीकडे काही लागत नाही. शक्य तिथे पाठीचा, दोन्ही कुशींचा आणि तळाचा फोटो आहे का ते शोधा. नसेल तर त्या मूर्तीबद्दल मत बनवायची घाई करू नका.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्रीत मुंबई गाठा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नेपाळ आणि तिबेटच्या मुलाम्याच्या मूर्ती आहेत. त्या चिनी दरबाराच्या नव्हेत, पण दरबाराची शैली ज्या मुळावर वाढली ते मूळ तिथं बघायला मिळतं. चीनवर राज्य करणाऱ्या मंगोल कुबलाई खानाच्या दरबारात अरनिको नावाचा नेपाळी कारागीर गेला. काठमांडूच्या खोऱ्यातल्या नेवार समाजाचा. १२६० मध्ये तो कारागिरांचा जथा घेऊन तिबेटात गेला तेव्हा विशीतही नव्हता. पुढे चीनच्या राजधानीत त्यानं बांधलेला पांढरा स्तूप बीजिंगमध्ये आजही उभा आहे. नेवार हात, तिबेटी मूर्तिशास्त्र आणि चिनी कारखान्याची शिस्त या तिन्हींचा मेळ पुढच्या दीडशे वर्षांत बसत गेला आणि योंगलच्या काळात, म्हणजे १४०३ ते १४२४ मध्ये, तो पूर्ण पिकला. नेपाळी मूर्ती आधी बघून घेतलीत तर चिनी कारागिरानं तिच्यात काय बदललं ते चटकन दिसतं. दागिने जास्त नाजूक झाले, चेहरा रुंद आणि शांत झाला, पृष्ठभागाची सफाई वाढली.

पीठ

पाठीनंतर पीठ. बहुतेक मूर्ती दुहेरी कमळावर बसलेल्या असतात, पाकळ्यांची एक ओळ वर वळलेली, एक खाली. योंगल आणि त्याच्यानंतरच्या श्वानद बादशहाच्या मूर्तींत पाकळ्या सडपातळ असतात, टोकाला वळून छोटी वेलबुट्टी धरतात आणि पीठाच्या सगळ्या बाजूंनी फिरतात. पाकळ्या मागे पोचेपर्यंत थांबल्या आहेत आणि तिथं पीठ गुळगुळीत सोडलंय, असं तिबेटातल्या पुष्कळ चांगल्या मूर्तींतही दिसतं. तेवढ्यावरून ती मूर्ती वाईट ठरत नाही. पण तिला योंगल दरबाराची म्हणून कुणी दाखवत असेल तर तिथंच थांबून विचारा.

कमळाच्या वर आणि खाली मण्यांची एकेक ओळ असते. इथं माझा जीव अडकतो. आम्ही पत्र्यावर मणी काढतो ते ठशानं. ठसा सारखा असला तरी हाताचा जोर कमी-जास्त होतो आणि ओळीच्या शेवटी अर्धा मणी उरतो तो कुठंतरी जिरवावा लागतो. योंगलच्या पीठावर तो अर्धा मणी शोधा. चांगल्या कामात सहसा सापडत नाही, कारण मेणातच मोजून-मापून ओळ बसवलेली असते. उतरत्या काळातल्या नकलांत मणी चपटे होतात, एकमेकांत मिसळतात, किंवा मण्यांच्या जागी नुसत्या आडव्या खाचा असतात.

ओतकाम समजून घ्या

मूर्ती मेणाच्या साच्यानं ओतलेली आहे हे कळलं की बाकी खुणा कळतात. आधी मेणाची मूर्ती करायची, तिला मेणाच्याच नळ्या जोडायच्या, बारीक मातीचे थर चढवायचे, वाळवायचं, तापवायचं. मेण वाहून जातं, त्या पोकळीत धातूचा रस ओतायचा, निवला की माती फोडायची. मोठी मूर्ती असेल तर आत मातीचा गाभा ठेवतात, म्हणजे ती पोकळ होते आणि धातू वाचतो. साचा फुटतो, म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती.

हे आपल्याला परकं नाही. सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्यानं उमरगा ओलांडून गेलं की बसवकल्याण लागतं. ती चालुक्यांची राजधानी कल्याणी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वर राजानं बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लासात हीच रीत सांगितली आहे: मूर्ती मेणाची करावी, मेण तोलून घ्यावं आणि त्यावरून धातू किती लागेल ते ठरवावं. आमच्याकडचे ओतारी अजूनही मेण तोलतात. बादशहाच्या कारखान्यातला माणूस आणि आपला ओतारी या एका टप्प्यावर एकच काम करत होते.

ओतल्यावर नळ्या कापतात, खरखर कानशीनं काढतात, मग छिन्नीनं बारीक काम उघडतात. रस कुठं पोचला नाही तर भोक राहतं. तिथं छोटा चौकोनी तुकडा घालून बुजवतात आणि वरून मुलामा देतात. फोटो मोठा करून पाठीवर, मांडीखाली असे चौकोन शोधा. सापडले तर घाबरू नका, जुन्या ओतीव मूर्तीत ते असायचेच. दरबारी कामात ते इतके सफाईनं बुजवलेले असतात की सोनं झिजल्यावरच दिसतात. उलट, दोन्ही कुशींतून वरपासून खालपर्यंत एक सरळ शिवण गेलेली दिसली तर ती दोन अर्ध्या साच्यांची आहे. बाजारात मिळणाऱ्या शोभेच्या मूर्ती अशाच निघतात.

ओतकामाचा विषय निघाला आहे तर सोलापूरकरांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या गावचे, १९१० चा जन्म. १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथंच वारले. त्यांची समाधी शिजियाझुआंग शहरात आहे. त्या शहराला लागूनच झेंगडिंग हे जुनं गाव आहे आणि तिथल्या लोंगशिंग मंदिरात अवलोकितेश्वराची, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाची, एक प्रचंड ओतीव मूर्ती उभी आहे. सुंग घराण्याच्या पहिल्या बादशहाच्या हुकमानं ९७१ मध्ये ओतलेली, २० मीटरहून उंच, ४२ हातांची. एवढा रस एका दमात ओतणं अशक्य, म्हणून पायापासून सुरुवात करून सात टप्प्यांत ती वर चढवली. आपल्याकडून कुणी कोटणिसांच्या समाधीला गेलं तर अर्धा दिवस झेंगडिंगसाठी नक्की काढावा. वीतभर उंचीच्या योंगल मूर्तीइतकी नाजूक सफाई तिथं मिळणार नाही, पण बादशहानं मनावर घेतलं की ओतारी कुठवर जाऊ शकतो ते दिसेल.

सोनं

आता मुलामा. यावर मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण लोक सगळ्यात जास्त फसतात ते इथं. दुकानात येणारं गिऱ्हाईकही मूर्ती पुढं करून पहिलं हेच विचारतं, "काका, सोनं खरं हाय का वो?"

दरबारी मूर्तींवरचं सोनं पाऱ्यानं चढवलेलं असतं. शुद्ध सोन्याचा पातळ पत्रा किंवा चुरा पाऱ्यात विरघळवला की लोण्यासारखा मऊ गोळा होतो. मूर्ती आम्लानं अगदी स्वच्छ करून हा गोळा तिच्यावर सगळीकडे सारखा चोळतात आणि मग कोळशाच्या आचेवर तापवतात. पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो. तो वाफ होऊन उडून जातो आणि सोनं धातूला घट्ट धरून मागे राहतं, पण निस्तेज, मातकट पिवळं. त्याला ओप द्यावी लागते, अकीकाच्या ओपणीनं दाबून, घासून. एका चढवणीत काम भागलं नाही तर पुन्हा तेच सगळं. आजोबांच्या पिढीपर्यंत आमच्या धंद्यातही हा मुलामा माहीत होता. आज कुणी करू नये, कुतूहल म्हणून थोडासासुद्धा नाही. पाऱ्याची वाफ श्वासातून थेट रक्तात जाते, हात कापायला लागतात, हिरड्या सुजतात, मेंदूवर परिणाम होतो. त्या सुंदर मूर्तींसाठी कितीतरी कारागिरांनी आपली तब्येत गमावली असणार, हे मी कधी विसरत नाही.

या रीतीतूनच ओळखायच्या खुणा निघतात. ओपणीचा दगड फुगीर जागी पोचतो, खोल खोबणीत पोचत नाही. म्हणून गुडघे, खांदे, गाल चकाकतात आणि चुण्यांच्या तळाशी, पाकळ्यांच्या सांध्यात सोनं दाट पण मंद राहतं. हा फरक डोळ्यांत बसवून घ्या. विजेचा मुलामा, ज्याला आपण गिलीट म्हणतो, तो उंचीवर आणि खोलात बहुधा एकाच झळाळीचा दिसतो. ती रीत युरोपात १८४० च्या सुमारास धंद्यात आली. पंधराव्या शतकातली म्हणून सांगितलेली मूर्ती तशी दिसली तर एक तर ती नंतर पुन्हा मुलामा दिलेली आहे, किंवा ती जुनीच नाही.

झीज कुठं झाली आहे तेही बघा. हात लागतात तिथं सोनं आधी जातं. नाकाचा शेंडा, गुडघे, बोटांची पेरं, उचलताना धरायची पीठाची कड. तिथं खालचा लालसर किंवा पिवळा धातू हळूहळू, काठ विरत विरत दिसला पाहिजे. काखेत, मानेमागे, जिथं कुणाचं बोट जाणार नाही तिथं सोनं घासलेलं असेल आणि गुडघा मात्र लखलखीत असेल, तर ती झीज कुणीतरी मुद्दाम केलेली आहे.

खालच्या धातूबद्दल एक. पुस्तकांत सरसकट 'कांस्य' लिहितात, पण योंगलच्या अनेक मूर्ती तपासल्यावर पितळेच्या निघाल्या आहेत. मेट्रोपॉलिटनच्या त्या मंजुश्रीची नोंदही पितळ अशीच आहे. धातूत शिसं जास्त असेल तर पाऱ्याचा मुलामा नीट बसत नाही, डाग पडतात. त्यामुळे सोनं चढवायच्या मूर्तीसाठी धातू निवडूनच घ्यावा लागतो.

केसांवर निळा रंग दिसला तर तो मळ समजू नका. बुद्धाचे केस निळे रंगवण्याची रीत आहे. चेहऱ्यावर कधी कधी सोन्याचा वेगळा, बिनचकाकीचा लेप असतो आणि डोळे-ओठ रंगवलेले असतात. तो लेप तिबेटात पूजेत असताना नंतर लावलेला असतो. मूर्ती दरबारातून निघून कुठं राहिली, याचा तोच पुरावा.

तळ

मूर्ती पोकळ असते, तिच्या पोटात मंत्र लिहिलेल्या कागदांच्या गुंडाळ्या, धान्य, कापडाचे तुकडे, पवित्र अवशेष भरतात आणि तळाला तांब्याचा पत्रा बसवून बंद करतात. आपल्याकडे प्राणप्रतिष्ठा असते, तसाच हा विधी. पत्र्याला डाख देत नाहीत. पीठाच्या कडेचाच धातू छिन्नीनं ठिकठिकाणी टोचून त्याच्यावर दाबतात. पत्र्याच्या मध्यभागी विश्ववज्र, म्हणजे एकमेकांवर आडवी दोन वज्रं, रेखलेली असतात. ती रेषा बघा. चांगल्या कामात ती खोल, ठाम, एका हातानं ओढलेली असते.

पत्रा जुना आणि जागचा असेल तर तो उघडायचा मोह कुणालाही होऊ देऊ नका. एकदा उचकटला की मूर्तीची प्रतिष्ठाही गेली आणि अभ्यासकाला मिळणारा पुरावाही. पुष्कळ मूर्तींचे तळ आज रिकामे आहेत, कारण मधल्या कुणालातरी आत सोनं असेल असं वाटलं.

लेख

योंगलच्या मूर्तींवर पीठाच्या वरच्या बाजूला, मूर्तीच्या पुढ्यात, सहा चिनी अक्षरं कोरलेली असतात: दा मिंग योंगल न्येन श्र. महान मिंगांच्या योंगल काळात दान दिली, असा अर्थ. चिनी भांड्यांवर शेवटी 'घडवली' असं येतं, इथं 'दान दिली' येतं. दुसरी खूण दिशेची. त्या काळी चिनी आडवी ओळ उजवीकडून डावीकडे वाचत, ही मात्र डावीकडून उजवीकडे कोरली आहे, तिबेटी वाचतात तशी. कारण या मूर्ती तिबेटी लामांना देण्यासाठीच होत्या.

का द्यायच्या? योंगलनं १४०२ मध्ये पुतण्याला हटवून गादी घेतली होती. त्याला धर्माचा आणि धर्मगुरूंचा आधार हवा होता, तिबेटशी सलोखाही हवा होता, आणि माझ्या मते त्याची श्रद्धाही खरी होती. १४०७ मध्ये तिबेटी बौद्धांच्या एका पंथाचे प्रमुख, पाचवे कर्मापा देशिन शेग्पा, तेव्हाच्या राजधानीत नानजिंगला आले आणि त्यांनी बादशहाच्या मृत आईवडिलांसाठी विधी केले. पुढे त्सोंगखापा या थोर तिबेटी धर्मगुरूंचे शिष्य शाक्य येशे आले. तिबेटात परतल्यावर त्यांनीच १४१९ मध्ये सेरा मठ उभारला. मठांतून अशा मूर्ती जपल्या गेल्या म्हणून आज आपल्याला दिसतात. लांबच्या वाटेवर न्यायच्या, म्हणून त्यांतल्या पुष्कळ वीतभर उंचीच्या.

लेख वाचता आला म्हणजे काम झालं असं मात्र समजू नका. सहा अक्षरं कोरणं हे सगळ्या मूर्तीतलं सगळ्यात सोपं काम आहे. २०१३ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात योंगल काळातला शाक्यमुनी २३ कोटी ६४ लाख हाँगकाँग डॉलरना गेला. इतका पैसा एका लेखाशी जोडला गेला की तो लेख कुठल्याही पितळेवर उमटायला लागतो. म्हणून मी त्याला पाठ, पीठ, सोनं आणि तळ यांच्यानंतर ठेवतो.

मिंगांनंतर गादीवर आलेल्या छिंग घराण्याच्या मूर्ती वेगळ्या. खांगशी बादशहाच्या काळातला एक चतुर्भुज अवलोकितेश्वर बीजिंगच्या राजवाड्याच्या संग्रहालयात आहे. बादशहाच्या आजीच्या, थोरल्या राजमातेच्या नावानं १६८६ मध्ये झालेला. त्यावर मांचू, मंगोल, चिनी आणि तिबेटी अशा चार भाषांत लेख आहे. पुढे छ्येनलोंगच्या काळात (१७३६ ते १७९५) राजवाड्याच्या कारखान्यात मूर्तींचे संचच्या संच झाले, सहा विभागांत लावलेले, शेकड्यांनी. पुष्कळांवर विभागाचं आणि देवतेचं नाव कोरलेलं असतं, त्यामुळे नवख्यासाठी ते उत्तम पाठ्यपुस्तक आहे. छ्येनलोंग स्वतः मेणाचे नमुने मागवून बघायचा, दुरुस्त्या सांगायचा आणि त्याची मंजुरी मिळाल्यावरच रस ओतला जायचा. मूर्तिशास्त्राचं बघायला त्याचे गुरू रोलपाई दोर्जे होते. एवढं असूनही मला छ्येनलोंगच्या संचांतल्या छोट्या मूर्ती खांगशीच्या कामापुढे कोरड्या वाटतात. संख्या वाढली की हात आखडतो, हे मी सणाच्या हंगामात दरवर्षी बघतो.

शेवटी चेहरा, आणि मापं

आता चेहऱ्याकडे या, पण पट्टी घेऊन. मूर्तीचा फोटो समोरून, डोळ्यांच्या पातळीवरून घेतलेला निवडा आणि छापून घ्या. कागदाची पट्टी कापून तिच्यावर केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंतचं अंतर खुणेनं धरा. हे एक मुख, म्हणजे एक ताल, बारा अंगुलं. आता पट्टी खाली सरकवत जा. गळ्यापासून हृदयापर्यंत एक मुख, हृदयापासून नाभीपर्यंत एक, नाभीपासून बैठकीपर्यंत आणखी एक. आपल्या शिल्पशास्त्रातली नवताल, दशताल ही मापं शिकलेल्याला यात नवीन काही नाही. संस्कृतातून तिबेटीत गेलेला मूर्तिमापनाचा ग्रंथ १७४२ मध्ये गोम्पोजाब नावाच्या मंगोल विद्वानानं चिनीत आणला. छ्येनलोंगचे कारागीर ज्या मापांवर मेण कापत होते त्यांची सुरुवात भारतातली. पट्टी फार चुकली, धड आखूड आणि डोकं मोठं निघालं, तर मूर्ती शोभेची आहे.

देवता ओळखायला आपल्याला अडचण पडत नाही, नावं संस्कृतच आहेत. उजवा हात जमिनीला टेकलेला तो भूमिस्पर्श, बहुधा शाक्यमुनी किंवा अक्षोभ्य नावाचा दुसरा बुद्ध. तलवार आणि पोथी मंजुश्रीची. एक पाय खाली सोडून बसलेली, हातांत कमळं, ती तारा. पापण्या मात्र नीट बघा. योंगलच्या चांगल्या मूर्तीत त्या खाली झुकलेल्या असतात आणि ओठांच्या कोपऱ्यात जेमतेम हसू असतं. मुखवट्यात मी डोळे उघडे, टपोरे काढतो, कारण देवीनं भक्ताकडे बघायचं असतं. हा बुद्ध आत बघतो. त्या पापणीची कड मेणात काढताना हात किंचित जरी हलला तरी तो झोपलेला दिसला असता.

घरात अशी मूर्ती असेल तर

कुणाच्या घरी आजोळहून आलेली, कुणी प्रवासातून आणलेली मुलाम्याची मूर्ती असते. सण आला की ती पितळेच्या समया-तांब्यांबरोबर घासायला निघते. कृपा करून थांबा. चिंच, लिंबू, राख, रांगोळी, पितळ उजळायची पूड, यांतलं काही नको. सोन्याचा थर केसापेक्षा कितीतरी पातळ असतो आणि प्रत्येक घासणीत तो जातो. गेलेला थर पुन्हा येत नाही. मऊ, कोऱ्या, सुक्या ब्रशनं धूळ झाडा, चुण्यांत वरून खाली. पाण्यात बुडवू नका, तळ बंद असेल तर आत ओल जाऊन कागद कुजतात. अभिषेक करायचा असेल तर शेजारी तांब्याचं ताम्हन ठेवून त्यात करा. हळदकुंकू पायाशी वाटीत वाहा, अंगावर नको. सोलापूरची कोरडी हवा धातूला चांगली, फक्त मोरीजवळ किंवा उदबत्तीच्या धुराच्या वाटेत मूर्ती ठेवू नका. हिरवट, भुसभुशीत डाग दिसला तर खरवडू नका, वस्तुसंग्रहालयाच्या जतन विभागाला फोटो पाठवून विचारा.

उचलताना दोन्ही हात पीठाखाली. प्रभावळ, हात, मुकुट धरून कधीही उचलू नका, ते भाग बहुधा वेगळे जोडलेले असतात.

विकत घेण्याचा विचार असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा माहीत असू द्या. शंभर वर्षांहून जुनी धातूची मूर्ती बाळगणाऱ्यानं तिची भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करायची असते. अशा वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. विकणाऱ्याकडे नोंदणीचा दाखला मागा. तो मालकाच्या नावाचा हवा आणि त्यावरचा फोटो समोरच्या मूर्तीशी जुळायला हवा. दाखला नसेल, किंवा 'नंतर देतो' असं उत्तर आलं, तर पैसे खिशातच ठेवा.